अर्ध्यावर अडकणारी रायफल

टेक्ससमधल्या फ्रिस्कोत आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी साठी उलटलेलं एक टेक्सन जोडपं राहत होतं. माझ्या मुलीने आपल्या सवयीने त्यांना काका-काकू म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांचा एकुलता एक मुलगा इराकच्या युद्धावरून परत आला होता, पण घरी आला नव्हता. ओक्लाहोमात कुठेतरी चाकांवरच्या ट्रेलर-घरात एकटाच राहायचा. काका फोन लावायचे, तो उचलायचा नाही.

एका शनिवारी काकांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं. बाकावर, जुन्या टॉवेलवर एक काळी रायफल ठेवलेली होती. सैन्यात जाण्याआधी मुलाने सुटे भाग मागवून ती घरीच जोडली होती.

"तू मेकॅनिकल इंजिनिअर ना?" त्यांनी विचारलं.

"शिकलो मेकॅनिकल, पण नोकरी सॉफ्टवेअरची. आणि बंदूक मी कधी हातात धरलेली नाही."

"मशीनच आहे ते. नीट चालत नाही, एवढंच."

त्यांनी मला तिचं काम समजावून सांगितलं. गोळी सुटली की तिच्या मागच्या वायूतला थोडासा वायू बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, एका बारीक भोकातून मागे येतो आणि आतला सरकता बोल्ट ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस आत सारतो. या रायफलीत बोल्ट पुरता मागे जातच नव्हता. एक गोळी सुटायची आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकून बसायची.

"ही चालती केली," काका म्हणाले, "तर त्याला सांगता येईल की तुझी रायफल तयार आहे, घेऊन जा. त्यासाठी तरी येईल."

कॉलेज सोडल्यापासून मी खऱ्या यंत्राला हात लावला नव्हता. मला मजा वाटू लागली होती, हेही खरं. आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवली. काडतुसांचं मॅगझीन दुसरं लावून बघितलं, वेगळ्या कंपनीची काडतुसं आणली, तेल जास्त घातलं, मग पुसून कमी केलं. मागची स्प्रिंग बदलली. दर वेळी काका ती गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर नेऊन झाडायचे आणि मी मागे उभा राहून बघायचो. एकदा लागोपाठ दोन गोळ्या सुटल्या. काका वळून माझ्याकडे बघून हसले. तिसरीला पुंगळी अडकली.

त्याच आठवड्यात काकू आमच्याकडे आल्या. माझी बायको चहा करत होती. काकू ओट्याजवळ उभ्या राहूनच बोलल्या.

"ते काम सोडून दे," त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं, आवाजाचा किंवा पसाऱ्याचा त्रास होत असेल. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय."

"तेच म्हणतेय मी. माझा मुलगा एकटा राहतो. कुणाशी बोलत नाही. त्याच्या घरात चालती बंदूक ठेवायचीय का तुला?"

बायकोने गॅस बंद केला. इतके शनिवार त्या मुलाची रायफल मी हाताळत होतो, पण त्या मुलाचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

मी काकांना सरळ जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिले.

"ती मलाही तेच म्हणाली," ते म्हणाले. "पण त्याला बोलवायला माझ्याकडे दुसरं काय आहे, सांग."

शेवटी त्यांनी खरं ते सांगायचं ठरवलं. मुलाच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवला की तुझी रायफल अडकतेय, आम्हाला जमत नाही, तू येऊन बघ.

आणि तो आला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, दुपारी. काकूंनी आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. उंच, वाळलेला पोरगा, दाढी वाढलेली. जेवणाआधी काका त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेले, मीही मागोमाग गेलो. त्याने रायफल उचलली, आत काडतूस नाही हे न बघितल्यासारखं बघून घेतलं, बोल्ट एकदा मागे ओढून सोडला आणि रायफल खाली ठेवली.

"बॅरलचं ते वायूचं भोक चुकलंय. आधीपासूनच. फेकून द्या."

"नवी बॅरल आणू की," काका म्हणाले. "आपण दोघं मिळून बसवू."

"डॅड, मला ही हातात धरायची नाही."

"मग काय करायचं तुला? सांग, ते करू."

तो घरात निघून गेला. टेबलावर ताटातलं अर्धंमुर्धं खाल्लं, काकू ॲपल पाय कापत होत्या तेवढ्यात उठला आणि आईच्या खांद्याला हात लावून निघाला. काकू सुरी हातात घेऊन दारापर्यंत गेल्या. त्याच्या ट्रकचा आवाज गेल्यावर काका मला म्हणाले, "यार्डातली पानं तरी झाडून जायचं होतं त्याने." एवढंच.

पुढचे दोन-तीन शनिवार मी सवयीने गॅरेजमध्ये गेलो. रायफल सुटी करून ठेवलेली होती. नव्या बॅरलबद्दल आम्ही बोलायचो, पण काकांनी ती कधी मागवली नाही. मग मीही जाणं कमी केलं.

दोन हजार आठमध्ये माझी बदली शिकागोजवळच्या शॉमबर्गला झाली. निरोप घ्यायला गेलो तर काका एकटेच होते, काकू झोपल्या होत्या. मुलाची खुशाली विचारली.

"नंबर बदललाय त्याचा," ते म्हणाले. "जुन्यावर फोन केला तर कुणी बाई बोलली. चांगली होती. मी सॉरी म्हटलं, तर म्हणाली, हरकत नाही. मग परवा पुन्हा केला. ती म्हणाली, मिस्टर, तो इथे नाहीये."