बांधीतली बर्फाची फळी

आमच्या घरात बर्फ एकाच ठिकाणी असतो, फ्रीजच्या वरच्या खणात, आणि लाइट गेली की तिथेही नसतो. अशा घरातल्या माणसाने बर्फावर वाऱ्याने पळायच्या फळ्या बनवायला घेतल्या. माणूस म्हणजे आमचे हे. वरठीच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते, घरची धानाची शेती मीच पाहत आले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत त्यांनी घरातला एकेक नळ दुरुस्त केला, आणि त्यानंतर एकेक नळ गळायला लागला.

फळ्यांचं प्रकरण मुळात आमच्या पोरीचं. पोरगी इंजिनियर. चार वर्षांपूर्वी थंड देशात गेली, तिथल्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथे स्की बनवतात. स्की म्हणजे पायात बांधायच्या लांब, अरुंद फळ्या, पुढचं टोक वर वळलेलं. त्या बांधून लोक बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोणी घसरलं तर सगळे फुकटात हसतात.

तर तिच्या मालकाला नवीन खूळ लागलं. गोठलेल्या तलावावर, हातात शीड धरून, नुसत्या वाऱ्याच्या जोरावर पळायची स्की काढायची. काम दिलं आमच्या पोरीला. तिने दोन जोड्या केल्या. वारा मागून असला की ठीक, पण बाजूने आला की दोन्ही जोड्या खेकड्यासारख्या तिरप्या सरकायच्या. मालक म्हणाला, महिनाअखेर शेवटची चाचणी. तिसरी जोडी सरळ गेली तर नोकरी पक्की, नाही गेली तर तिथे राहायचा परवाना संपतोच आहे, घरी जा.

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. माझाही पडला, म्हणजे मी पाडला.

खरं काय ते सांगते. दुसऱ्याच दिवशी मी तिची खोली झाडायला घेतली. ती गेल्यापासून तिथे धानाची पोती रचलेली असायची. ती सगळी ओसरीत काढली, भिंतीला चुना मारला, कपाटाला नवा कागद लावला. ह्यांनी विचारलं, "हे काय चालवलं वो?" म्हटलं, "उंदीर झाले." चार वर्षांत मला एकही उंदीर दिसला नव्हता.

ह्यांचं लक्ष तरी कुठे होतं! पोरीने मोबाइलवर स्कीचा नकाशा पाठवला होता, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. तो पाहून हे असे उभे राहिले, जणू कारखान्याने बोलावणं पाठवलंय.

"मी इथं बनवतो जोडी. चालवून पायतो. खराबी कुठं हाये ते सांगतो तिले."

"अजी, पण चालवसान कुठं? बर्फ कोण आणून देणार हाये?"

"उन्हाळी धानाची चिखलणी चालू हाये न? चिखल आन् बर्फ, दोन्ही पाण्याचीच लेकरं."

असलं शास्त्र आम्हाला सातवीपर्यंत शिकवलं नव्हतं.

जुन्या दाराचं सागवान निघालं. धान उकळायच्या मोठ्या गंजावर फळ्यांची टोकं वाफवली, दोरीने ओढून वर वळवली. मापात एक केस इकडेतिकडे नाही. नकाशात फळी मधोमध निमुळती होती, दोन्ही टोकांना रुंद, मध्ये कंबर आत गेलेली. ह्यांनी ती कंबरसुद्धा इतक्या प्रेमाने घासली की पाहवेना. मग गमबूट खिळ्यांनी ठोकले, खालून जवसाचं तेल चोळलं. शिडासाठी बांबू आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली माझी चादर. चादर मी नुसती हिशोबात मोजून ठेवली.

रविवारी दुपारी वारा सुटला. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, बैलांची चिखलणी नुकतीच झाली होती. हे फळ्या बांधून धुऱ्यावर बसले. माझे दीर मदतीला आले. मदत म्हणजे खुर्ची आणून सावलीत बसले. या माणसाने आयुष्यात आंधळगावच्या बाजाराच्या पलीकडे काही पाहिलं नाही, पण बर्फाची माहिती त्यांना सगळी.

"बर्फ चिखलापेक्षा टणक रायते," ते म्हणाले.

"भाऊजी, हे तुमाले कोणं सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? आइसकांडी खाल्ली नाई काय मी?"

तोवर वरठीहून ड्युटी करून येणाऱ्या चार मोटारसायकली रस्त्यावर थांबल्या. एकाने ओरडून विचारलं, "काका, औषध फवारून राहिले काय?" ह्यांनी मानेने नाही म्हटलं आणि चादर उघडली.

वारा बाजूचा. हे दोन पावलं सरळ गेले, आणि मग सरळ जायचं सोडून आडवेच निघाले. तोंड गावाकडे, जाणं नाल्याकडे. चार-पाच हात असे तिरपे सरकले, धुऱ्याला धडकले आणि बसले. चिखल कंबरेपर्यंत. चादर डोक्यावर. दीर खुर्चीतून म्हणाले, "दादा, ब्रेक नाई ठेवला काय?"

मी इतकी हसले की मला धुरा धरून बसावं लागलं. आणि बसले म्हणूनच मला ते दिसलं.

फळ्या जिथून आडव्या सरकल्या होत्या, तिथे पुढच्या आणि मागच्या टोकाने चिखल चोपून साफ केला होता. मधोमध मात्र लांबच लांब वरंबा उभा. असला वरंबा मी दोन वर्षं प्रत्येक चिखलणीत पाहत होते. चिखलणी झाली की बैलांमागे लाकडी फळी बांधून चिखल सारखा करतात. कोपऱ्यात बैल वळत नाहीत, तिथे ती आम्ही बायाच दोरीने ओढतो. आमची फळी मधातून झिजलेली. दोन्ही टोकं चिखल धरतात आणि मधल्या खाचेतून तो निसटतो, वरंबा राहतो, वरंब्यावरचा धान वाळतो. दोन वर्षांपासून ह्यांना सांगते आहे, फळी रंधून सरळ करून द्या. पण फिटर माणसाला थंड देशाच्या फळीला सवड, घरच्या फळीला नाही.

म्हणजे पोरीच्या स्कीची खोड तिच्या कंबरेतच होती. डोंगरावरच्या फळीचा साचा तिने तसाच उचलला होता. जिथे माणूस उभा राहतो, नेमकी तिथेच फळी काही धरत नव्हती.

हे मला रविवारी कळलं. आणि मी गप्प बसले.

ह्यांनी चिखलाचे फोटो काढून पोरीला धाडले, वर लिहिलं, "वजन मागे घे." दिरांनी सुचवलं, "खाली मेण लाव." मी स्वयंपाक केला. सोमवारी तिच्या खोलीचा पडदा शिवला. मंगळवारी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटले, बुधवारी त्यांची रोवणी लागली. दिवसभर वाकून उलटं चालायचं आणि मनात एकच, आपण नाही सांगितलं तर पोरगी महिन्याभरात घरी. आपण काही वाईट केलं नाही, फक्त बोललो नाही. दिरांच्या आइसकांडीला हसणारी मी, माझा हा हिशोब त्याहून पातळ होता.

गुरुवारी पोरीचा फोन आला. ह्यांच्याशी दोन शब्द बोलली, मग मला म्हणाली, "आई, काल बर्फावर पडली. हात सुजला. काही नाई, सवय हाये. पण का चुकून राहिलं तेच समजून नाई राहिलं." रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित गप्पच बसले असते. चिखलात आपली फळी नीट चालली नाही की माझा जसा होतो, तसा तिचा आवाज होता.

म्हटलं, "काय वो, त्या फळीले कंबर कायले ठेवली? नाचाचं हाये काय तिले?"

"आई, स्कीले कंबर असतेच."

"डोंगरावर वळाले असन. तुले तं तलावावर सरळ जाचं हाये न? आपली झिजलेली फळी आठव. मधातून काय पळते?"

तिकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चिखल." आणि फोन ठेवला. जेवलीस का, हेही विचारलं नाही मेलीने.

तिने तिसरी जोडी जवळजवळ सरळ काठाची केली, काठाला धारदार पोलाद बसवलं. चाचणीचा व्हिडिओ आला. पांढराशुभ्र तलाव, शीड फुगलेलं, आणि मागे दोन रेघा, सूत धरून मारल्यासारख्या. नोकरी पक्की. आणखी तीन वर्षं.

हे मोबाइल घेऊन तडक पानठेल्यावर गेले. "डिझाइन घरचंच हाये," असं सांगत सुटले, तेवढं खोटं नव्हतं. दीर म्हणाले, "मेण मी सांगितलं होतं."

संध्याकाळी पोरीने मला एकटीला फोन केला.

"आई, बाबाच्या फोटोत तो वरंबा साफ दिसते. फोटो रविवारचा हाये."

"असन."

"तू मले गुरुवारी सांगितलं."

"रोवणी होती न बापा."

"रोवणी बुधवारी लागली. बाबानं तोही फोटो टाकला होता."

कास्तकाराच्या पोरीला खोटं सांगायचं तर कामाचे दिवस तरी नीट मोजावेत. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्याकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"हात कसा हाये?" मी विचारलं.

"बरा हाये." मग म्हणाली, "उन्हाळ्यात येईन मी. खोलीत पोती नको भरजो."

"पाहू. यंदा धान लय झालं तर?"

झिजलेली फळी ह्यांनी शेवटी रंधून दिली, मी पुन्हा न सांगता. कोपऱ्यातला चिखल आता सारखा होतो. पोती अजून ओसरीतच आहेत, येताजाता पायात येतात. परवा हे ठेचकाळले आणि ओरडले, "अवो, आता तरी नेऊन ठेव न ते खोलीत!"

म्हटलं, "उंदीर गेले नाई अजून."