दोघांची डुलकी

मार्गशीर्षातल्या त्या दुपारी तुरीच्या फुलोऱ्याचा मंद, हिरवट गंध वाऱ्यावर तरंगत होता, आणि दीड महिन्याच्या लेकीला लस टोचून रिसोडहून रिठदला परतताना दुचाकीच्या लयीबरोबर कोवळे ऊन माझ्या पापण्यांवर जड होत चालले होते. मागे माझी पत्नी मंदा, तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली लेक. बाळंतपणापासून आम्हा दोघांनाही सलग दोन तासांची झोप ठाऊक नव्हती. तरी निघताना "झोप तर नाही न येत?" असे तिने विचारले तेव्हा मी "काही नाही होत" म्हणून हसलो होतो.

मग रस्ताच नाहीसा झाला.

लेकीच्या टाहोने डोळे उघडले, तेव्हा चाक डांबर सोडून मुरमावर खडखडत होते आणि बांध हातभर अंतरावर आला होता. करकचून ब्रेक दाबला. गाडी तिरपी होऊन थांबली.

"मले डुलकी लागली," मी कसाबसा म्हणालो आणि तिच्या संतापाची वाट पाहू लागलो.

तिने लेकीला छातीशी आवळले होते. "मलेबी," ती म्हणाली. "पोरगी हातातून सरकून राह्यली होती. तिनं रडणं काढलं म्हणून..."

शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक प्रौढ बाई धावत आली. "लागलं काय?" तिने विचारले, मग आमचे चेहरे निरखून आवाज खाली आणत म्हणाली, "पडा निंबाखाली घटकाभर. पोरीले द्या माह्याजवळ."

मंदा पडताक्षणी झोपली. मला झोप येईना; कानांत मुरूम खडखडत राहिला. बाईच्या कुशीत शांतावलेल्या लेकीवरून माझी दृष्टी मंदाकडे वळली. सुकलेले ओठ, डोळ्यांखालची काजळी, झोपेतही अर्धवट आवळलेल्या मुठी. इतक्या दिवसांत हा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

ऊन कलल्यावर ती उठली. "तुमी झोपले काय?"

हो म्हणणे सोपे होते. "नाही," मी म्हणालो. "आन् मले आता गाडी चालवायचं भेव वाटून राह्यलं."

तिने हात पुढे केला, किल्ली घेतली आणि माझ्या भावाला फोन लावला. तो येईपर्यंत आम्ही खांद्याला खांदा टेकून बसून राहिलो. भीती ओसरली नव्हती. फक्त ती आता एकट्याची नव्हती.