उभं धरलेलं वल्हं

ये वो पोरी, जवळ सरक. अशी दाराशी काहून बसतेस पाहुण्यासारखी? इतक्या दिवसांनी आलीस अन् लगेच घड्याळ पाहून राहिली! चहा होईल मागून. आल्याआल्या म्हणालीस ना, मावशी, तुमचं मन किती साफ आहे — तर ऐक. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि ते तर गेले आता.

धरणाच्या तलावावर सुट्टीच्या दिवशी केवढी गर्दी असते, तुला माहीत आहे. मोटरबोटी अन् वल्ह्याच्या नावा, सगळं एकाच पाण्यात. तिथे एक रीत होती. वल्हेवाल्याने वल्हं उभं धरलं, की मोटरवाल्याने वेग तोडायचा. त्याची नाव लाटेकडे तोंड करेपर्यंत थांबायचं. लाट नाकावर घेतली तर छोटी नाव नुसती डोलते. कुशीवर आली तर उलटते. मला हे नाववाल्या हल्केभैयाने शिकवलं; वल्ह्याला तो चप्पू म्हणायचा. जबलपूरच्या नेपियर टाउनातून आम्ही फिरायला जायचो तेव्हा त्याच्याच नावेत बसायचो. त्याची बायको गेंदाबाई मागच्या टोकाला शिंगाड्यांची टोपली घेऊन बसायची. मला मूठभर जास्तीचे द्यायची.

मग ते घडलं त्या दिवशी मी त्यांच्या नावेत काहून नव्हते? नागपूरहून नणंद आली होती म्हणून. तिला वल्ह्याची नाव दाखवायची लाज वाटली. मोटरबोट केली. तर ती म्हणते कशी, "वहिनी, तुमच्या जबलपूरची मोटर बैलगाडीसारखी चालून राहिली वो!" सगळे हसले. मला झोंबलं. मी चालकाला म्हटलं, "भैया, तेज करो ना!"

पुढे हल्केभैयाची नाव आडवी होती. त्याने वल्हं उभं धरलं. मी पाहिलं. चालकाने पाहिलं — वळून मला विचारलंसुद्धा, "दीदी, धीमा करूँ?"

अन् मी म्हटलं, "अरे, काही नाही होत. चलो."

नाव उलटली. हल्केभैया वर आला. गेंदाबाई नाही आली. टोपली तेवढी तरंगत राहिली.

काठावर लोकांनी विचारलं. मी म्हटलं, आम्ही तर हळूच होतो, त्यानेच इशारा केला नाही. नणंद पदर तोंडाशी धरून गप्प. चालक गप्प — त्याचं पोट होतं त्यावर. माझं काय होतं?

पण थांब. खरी गोष्ट अजून मी सांगितलीच नाही. इतकं तर तू म्हणशील, घाबरून बोलली बिचारी. पुढचं ऐक.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. कशाला गेले? चांगलं दिसावं म्हणून, दुसरं काय. हल्केभैया ओट्यावर बसला होता. सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाला, "दीदी, सब कहते हैं, हमने चप्पू उठाया ही नहीं। हमको लगता है उठाया था... पर अब पक्का याद नहीं पड़ता। आप तो सामने थीं। उठाया था क्या?"

एकच शब्द होता गं. दारात दुसरं कोणी नव्हतं. तिथे तरी कोणाची भीती होती मला?

मी म्हटलं, "नहीं, भैया."

त्यानं मान हलवली. जणू त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. मग उठला, आत गेला अन् माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मी ते प्यायले.

पुढे त्याने वल्हं हातात धरलं नाही. पण काठावर यायचा. नव्या नाववाल्याला थांबवून सांगायचा, "चप्पू पहले उठाना भाई, हमारे जैसा मत करना।" मी ऐकलं आहे ते, माझ्या कानांनी. अन् पुढे चालत गेले आहे. मरेपर्यंत तो तेच सांगत राहिला. नणंद गेली, तो चालकही गेला; त्याने वल्हं उभं धरलं होतं — हे जगात आता मला एकटीला माहीत आहे. अन् तुला.

बस, एवढंच. चहा टाकते. नको असेल तर राहू दे, मी रागावणार नाही. पुन्हा लवकर ये मात्र.