दोन बोटं आखूड

पुलाच्या कारखान्यात त्याला सगळे रेघोबा म्हणत. पोलादी पत्र्यावर खडूच्या दोरीने रेघ मारायची, रेघेवर पंच ठोकून ठिपके उठवायचे आणि मग कापणाऱ्याने त्या ठिपक्यांवरून कापायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्याची रेघ चुकली म्हणणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता, आणि हे तो स्वतःच सांगत फिरे!

शहराने नदीवर पोलादी कमानीचा पूल मागितला. नकाशा काढणारा साहेब म्हणजे खुद्द रेघोबाचा जावई. घरात सासरा मोठा, कारखान्यात जावई. लोकांना आयतीच करमणूक.

दोन्ही काठांवरून कमानीचे हात पुढे आले, मधे एका तुकड्याची जागा उरली. तिचं माप रात्रभर लोखंड निवल्यावर, ऊन यायच्या आत घ्यायचं, ही जुनी रीत. जावई टेप घेऊन चढला तो भर दुपारी.

रेघोबा म्हणाला, "साहेब, उन्हाने लोखंड वाढतं, फट लहान दिसते. उद्या पहाटे मोजू."

"मामा, ते मी हिशेबात धरलंय. एवढी वर्षं काय झक मारायला शिकलो?"

"कागदावरचं ऊन वेगळं. इथे हात लावा, कातडं निघेल."

"तुम्ही फक्त रेघ मारा."

रेघोबाने मारली. हुकूम तो हुकूम.

आठवड्याने पहाटे तुकडा क्रेनला लटकला आणि दोन बोटं आखूड पडला. खालून कुणी ओरडलं, "घ्या! सदरा शिवला, बटण पोचेना!"

चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी लेक आली.

"बाबा, आखणी चुकली म्हणा ना. तुमचं एक वर्ष उरलंय, यांचं सगळं आयुष्य पडलंय."

"आणि माझ्या नावाचं काय गं?"

"तुम्हाला कारखान्याबाहेर ओळखतं कोण?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण सुटलेला शब्द थोडाच माघारी येतो!

दुसऱ्या दिवशी रेघोबा चौकशीत म्हणाला, "नजर अधू झालीय. रेघ माझी चुकली." त्याच दुपारी त्याला घरी बसवलं. नव्या तुकड्यासाठी फट जावयाने गुपचूप पहाटे मोजली. तुकडा चपखल बसला, आणि जावयाला बढती मिळाली.

पुढे काही वर्षांनी सगळे जेवायला बसले असताना नातीने विचारलं, "आजोबा, पूल तुम्हीपण बांधलात ना?"

जावई हसला. "बांधला? अगं, यांच्या नजरेपायी महिनाभर अडला होता!"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सांगता सांगता त्याला ते खरंच वाटू लागलं होतं. रेघोबाने लेकीकडे पाहिलं.

ती वाढता वाढता म्हणाली, "जाऊ द्या हो. वय झालं की चुकतं माणूस."

"खरंच, आजोबा?"

"हो गं," रेघोबा म्हणाला. पहिल्या वेळी ही कबुली निदान कुणी मागायला तरी आलं होतं.