विठ्ठलरावांची पाणबुडी

पिंपरीच्या कारखान्यात मी फिटर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी फोरमन विठ्ठलराव गोळे यांनी माझी खरडपट्टी काढली. पंप दुरुस्त करून मी ऐटीत उभा होतो. "हा पंप कुठं बसणार, विचारलंस का?" ते म्हणाले. मला ठाऊक नव्हते. त्यांनी तो पुन्हा उघडायला लावला आणि शेजारी बसून सगळे शिकवले. पुढे माझी आई आजारी पडली, तेव्हा पंधरा दिवस माझी पाळी त्यांनीच केली आणि कोणाला कळू दिले नाही.

युद्धात ते आरमाराच्या बोटीवर मेकॅनिक होते. समुद्रात स्फोटक पिंपे फेकणारे यंत्र ऐनवेळी अडले, ते त्यांनी चालू केले आणि बोटीने शत्रूची पाणबुडी बुडवली. त्याबद्दल मिळालेले पदक आम्ही दर खंडेनवमीला पान्या-हातोड्यांशेजारी पूजेत मांडत असू. हळदकुंकू वाहिल्यावर त्यांच्या तोंडून हकीकत ऐकायची, हा आमचा शिरस्ता.

गेल्या खंडेनवमीला मात्र नवे आलेले सकपाळ उठले. तेही त्या युद्धात आरमारातच होते. "साहेब, ती पाणबुडी आपल्याच बाजूची होती. बंदरात आम्हाला तसंच सांगितलं."

"मग पदक काय उगाच दिलं व्हय?" आमचे म्हातारे बाळूतात्या कडाडले.

माझ्या हातातले प्रसादाचे ताट कलंडले. सकपाळांचा असा संताप आला की बोलायची सोय नाही. विठ्ठलरावांनी पदक उचलून खिशात टाकले आणि विचारले, "आत माणसं किती होती?" सकपाळांना ते माहीत नव्हते.

विठ्ठलरावांनी सरकारला पत्र लिहिले. उत्तर आले, की ती पाणबुडी पाण्यातल्या सुरुंगावर आदळून बुडाली, तुमच्या बोटीचा संबंध नाही. म्हणजे हकीकती तीन, आणि तिन्ही सांगणारे छातीठोक. मी तर सुन्न झालो, अजूनही आहे.

"सुरुंगाचंच खरं धरू या की," मी म्हणालो.

"सोयीचं आहे म्हणून?" असे म्हणून ते सरकारला पुरावा मागणारे दुसरे पत्र लिहायला बसले. त्यांच्या साठीनिमित्त मी लिहीत असलेल्या या लेखासाठीही त्यांची एकच अट होती: पाणबुडीचे लिहायचे, नाहीतर काहीच लिहायचे नाही.

विठ्ठलरावांनी साठी गाठली आहे. पुढची कितीतरी वर्षे ते ठणठणीत राहोत, हे मी अगदी मनापासून मागतो. दुसऱ्या पत्राचे उत्तर अजून यायचे आहे. त्या पत्रावर त्यांनी घरचा नव्हे, कारखान्याचा पत्ता घातला आहे, आणि उत्तर आले की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे काम मला सांगितले आहे. मी हो म्हटले आहे. रोज टपाल आले की मी आधी सरकारी शिक्क्याचे पाकीट शोधतो.