तीनपैकी दोन

बुटीबोरीच्या एका रेझिन कारखान्यात उत्तरा तपासणीला गेली, तेव्हा कंट्रोल पॅनलच्या मागे तिला वीतभर तांब्याची तार जोडलेली दिसली. रिॲक्टरचं तापमान धोक्याच्या वर गेलं की वाफ आपोआप बंद व्हावी आणि थंड पाणी सुटावं, अशी यंत्रणा तिनेच पाच वर्षांपूर्वी आखून दिली होती. त्या तारेने ती निकामी करून ठेवली होती.

तिने आधी काम थांबवलं, तार काढली, मग विचारलं, हे कोणी केलं?

बापूजी पुढे आले. रामटेककडचे, सगळ्यांत जुने ऑपरेटर.

"तार मीच लावली, मॅडम. सेन्सर खोटं बोलते. तापमान ठीक असते, तरी पाणी सुटते अन् माल भांड्यात गोट्यावानी घट्ट होते. मंग पोरायले आत उतरून छिन्नीनं फोडा लागते. मागच्या खेपेले प्रीतम आतच बेशुद्ध पडला. कितीदा उतरवू त्यायले?"

उत्तराचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या कागदावर रिॲक्टर थांबला की गोष्ट संपत होती. त्यानंतर भांड्यात कोण उतरतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तरी तिने बापूजींना हळू आवाजात सांगितलं, की तापमान खरंच चढलं असतं तर या तारेमुळे कोणीच वाचलं नसतं.

पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशेजारी बसून राहिली. ढवळणाऱ्या पंख्याचे हादरे कुठे जास्त बसतात, ते त्यांनी दाखवलं. एकुलता एक सेन्सर नेमका तिथेच होता, म्हणून चुकत होता. तिने तीन सेन्सर तीन जागी बसवले. दोघांचं म्हणणं जुळलं तरच रिॲक्टर थांबणार. एकटाच ओरडला तर नुसती घंटा वाजणार. अहवालात तिने चूक आराखड्याची लिहिली, आणि आराखडा आपला असल्याचंही. बापूजींची नोकरी राहिली.

एप्रिलमध्ये नंदनवनच्या आपल्या घरी ती जेवत होती, तेव्हा बापूजींचा फोन आला. पाण्याचा पंप बंद पडला होता, तापमान खरोखरच चढलं होतं.

"दोन सेन्सर बोलले, मॅडम. वाफ बंद झाली, पंप नसला तरी वरच्या टाकीतलं पाणी सुटलं. पोरं भाईर चहा पिऊन राहिले."

"आणि तुम्ही?"

"मी अजून पॅनलपाशीच उभा आहो."

तिने त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं. त्यांचा श्वास संथ होईपर्यंत ती प्रीतमची, त्यांच्या शेतातल्या धानाची विचारपूस करत राहिली. ताटातला भात गार झाला होता.