कटिंग टेबलावरचं अंतराळ

रोज दुकान झाडलं की कातरणाची एक पिशवी भरते. ती मी गोधडीवाल्या बाईला देऊन टाकते. पण रविवारी झाडताना जे निघतं ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न आहे. टेबलाखाली तोफेचा तुटका तुकडा, मशीनच्या पायाशी फासा, आणि डोक्यात एक नवा किस्सा. तुकडे परत करता येतात, किस्से साठत जातात. आमचे हे विचारतात, "तू ब्लाऊज शिवतेस का गोष्टी?" मी म्हणते, दोन्ही शिवते, तुम्ही चहा ठेवा.

*

गोडादऱ्यात माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, पण आता सगळं इथंच, गुजरातेत. दुकान लहान, पण कटिंगचं टेबल असं मोठं की एका वेळी दोन घागरे पसरावेत. त्या टेबलावर निलेशचा डोळा होता.

निलेश आमच्या गल्लीतला. हजीऱ्याला एका प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. एके दिवशी खोकं घेऊन दारात उभा. म्हणाला, "काकू, रविवारी दुकान बंद असतं ना? टेबल द्याल का? लढाई करायचीय."

मी कात्री खाली ठेवली. "कोणाशी रे? आणि माझ्या दुकानात कशाला?"

त्यानं खोकं उघडलं. आत अंगठ्याएवढी विमानं. विमानं नाही म्हणे, अंतराळातली जहाजं. हॉस्टेलवर असताना हा एक परदेशी मालिका बघायचा. आकाशात एक भलंमोठं ठाणं, आणि वेगवेगळ्या ग्रहांवरचे लोक त्याच्यावरून भांडतायत. ती भांडणं टेबलावर जहाजं मांडून खेळायची. टेपनं इंच मोजून जहाज पुढं सरकवायचं, गोळा लागला की नाही ते फाशावर ठरवायचं. जहाजं यानं ओळखीच्याच्या थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकची छापून आणली होती. पण आमच्याकडच्या खोल्यांमध्ये पलंग मांडला की गॅसला जागा उरत नाही, तिथं आकाश कुठं मांडणार?

मी विचारलं, "तुझी पोरगी केवढी झाली?"

"सहा वर्षांची."

"मग तिला पाठव खेळायला. तू कशाला येतोस?"

"तिला विचारलं काकू. ती म्हणते, बोअर आहे."

दिलं टेबल. काय करणार?

*

निलेशबरोबर त्याचे वडील यायचे. बापू. सगळी हयात लूमखात्यात जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात गेली. चालत्या लूमवर तुटलेला धागा असा सांधायचे की कापडावर गाठ शोधून दाखवावी. रिटायर झाल्यावर माणूस घरात बसून वाळायला लागला होता. बायको आधीच गेलेली. निलेशनं जहाजं रंगवायला दिली ती निव्वळ त्यांना काहीतरी काम म्हणून.

आणि बापूंनी काय रंगवली! नखाएवढ्या जागेत ओळीनं खिडक्या, प्रत्येक खिडकीत पिवळा ठिपका. मी म्हटलं, "बापू, एवढ्याशा खिडक्या कोणाला दिसणारेत?"

ते म्हणाले, "आत माणसं बशेल शेतंस ना, मंगल. त्यास्ले उजेड नको का?"

आत बसलेल्या माणसांना उजेड नको का, म्हणे. प्लास्टिकच्या जहाजातल्या माणसांची काळजी करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढं वर्षभरानं त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग चमचा. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही. हिंडणंफिरणं चालू होतं, जेवण चालू होतं. पण बापूंना भीती एकच होती, की आता ब्रश सुटणार आणि आपण पुन्हा त्या खोलीत जाऊन बसणार. ते कधी बोलले नाहीत. पण मला कळत होतं, निलेशलाही कळत होतं.

*

आता जरा हसण्याचं सांगते.

पहिलं आकाश मी शिवलं. हौसेनं. लग्नाच्या घागऱ्यातून उरलेलं काळं सॅटिन होतं, त्यावर डायमंड वर्कचे खडे चिकटवलेले. म्हटलं, तारे कसे चमकले पाहिजेत.

दुसरा खेळाडू हितेश. निलेशचा मित्र, कतारगामला हिरे घासतो. गुजराती आहे, पण लहानपण आमच्या लोकांत गेलेलं, त्यामुळं मराठी फाडफाड बोलतो. त्यानं जहाज पुढं सरकवलं आणि ते तिरकं होऊन आडवं पडलं. त्यानं भिंग काढून खाली वाकून पाहिलं.

"काकी, तमारा तारा मोटा थई गया. माझं जहाज ताऱ्यावर चढलंय."

तेवढ्यात निलेशनं नीट बघायला टेबलावर कोपर टेकवलं. सॅटिनच ते. अख्खं आकाश सरकलं आणि निम्मं आरमार माझ्या मांडीवर आलं. मग हितेश शांतपणे मला म्हणाला, "काकी, आम्ही तुम्हाला शरण आलो आता. दुसरा रस्ता नाही."

दुसरं आकाश मी साध्या काळ्या पॉपलिनचं केलं. तारे जुन्या टूथब्रशनं पांढरा रंग उडवून. आणि कडेनं टाचण्या. आता कोणी कोपर टेकवो नाहीतर कपाळ, आकाश हलत नाही.

*

एक वेळ अशी आली की हितेश दर रविवारी जिंकायला लागला. निलेशचं डोकं फिरलं. त्यानं चालींचा अभ्यास केला, मालिका परत पहिल्यापासून बघितली, बायकोशी बोलणं कमी केलं. तरी हरायचा. हितेशची जहाजं बरोबर गोळ्याच्या टप्प्यात यायची आणि याची जरा अलीकडं राहायची.

शेवटी कळलं. हितेश माझी टेप वापरत होता आणि निलेश कंपनीतली स्टीलची. माझी टेप कापडी, जुनी, ओढून ओढून लांबलेली. तिच्यावरचे आठ इंच म्हणजे खऱ्या जगातले आठ आणि वर थोडे. हितेशची जहाजं इतके दिवस फुकटात पुढं चालली होती.

निलेश माझ्यावरच घसरला. "काकू, ह्या टेपनं तुम्ही लोकांची मापं घेता?"

"घेते. आणि ह्याच टेपनं कापड कापते. म्हणून बरोबर बसतं."

भांडण बापूंकडं गेलं. मागच्या सगळ्या लढाया रद्द करा, असं निलेशचं म्हणणं. बापूंनी दोन्ही टेपा हातात घेतल्या, एकमेकींना लावून पाहिल्या, आणि स्टीलची टेप पोराला परत दिली.

"दोघांनी काकूचीच वापरा. खोटी राहू द्या. पण दोघांची एकच पाहिजे."

तेव्हापासून आमच्या अंतराळात इंच माझा चालतो.

*

फासे टाकायचा आमच्यात नियम आहे. फासा मुठीत नीट खुळखुळवायचा, मगच टाकायचा. हितेश याबाबतीत फार कडक. कोणी अलगद सोडला की लगेच, "चालणार नाही, हलवून टाका."

बापूंचा हात नुकताच थरथरायला लागला होता तेव्हाची गोष्ट. माणसं कमी होती म्हणून बापू खेळायला बसले. फासा घेतला, मूठ पुढं केली आणि टाकला. सवयीनं हितेशच्या तोंडून गेलं, "बापू, हलवला नाही."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. निलेश खाली बघायला लागला. मला वाटलं, या पोराला एक ठेवून द्यावी.

बापू म्हणाले, "अरे, मला वेगळा हलवावा लागत नाही. देवानं सोय करून दिलीय."

आणि स्वतःच हसत सुटले. मग आम्हीही हसलो. हसताना माझे डोळे भरले, ते मी मशीनकडं तोंड करून पुसले.

*

गिऱ्हाईकं रविवारीही सोडत नाहीत. एक बाई साडीला फॉल लावायला आल्या. संध्याकाळी त्यांच्या भाच्याची हळद होती. मी म्हटलं, बसा, लावून देते. त्या बसल्या आणि लढाई बघत राहिल्या.

थोड्या वेळानं निलेशला म्हणाल्या, "तुमचं ते मोठं जहाज एकटं का पाठवलं पुढं? बाकीची कुठं गेली?"

निलेश म्हणाला, "ते सेनापतीचं आहे. ते पुढंच असतं."

"आमचे हे पण असंच करतात," बाई म्हणाल्या. "वरातीत एकटे पुढं जाऊन उभे राहतात. मग वरात दुसऱ्याच गल्लीतून जाते."

दोन चालीत सेनापतीचं जहाज गेलं. बाई फॉल लावलेली साडी घेऊन गेल्या, पण जाताना निलेशच्या पाठीवर हात ठेवून "पुढच्या वेळी जपून" असं सांगून गेल्या.

*

मग तो रविवार आला. बापू खोकं घेऊन आले. ब्रश, रंगाच्या बाटल्या, सगळं त्यात नीट लावलेलं. एक जहाज त्यांनी टेबलावर ठेवलं. निम्मं जुन्या हातानं रंगवलेलं, निम्मं आताच्या. जुन्या बाजूला खिडक्या ओळीत होत्या. दुसऱ्या बाजूला पिवळा रंग फरफटत शेपटीपर्यंत गेला होता.

"मन्हा हात मन्हं आयकत नही आते," बापू म्हणाले. हात माझं ऐकत नाही आता. "हितेश, हे तू घे. तुझा हात चांगला आहे."

हितेशनं खोक्याला हात लावला नाही. निलेश म्हणाला, "बापू, खिडक्या नसल्या तरी चालतंय." ते तर आणखीच वाईट झालं. बापू उठून चपला शोधायला लागले.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही, पण आला. मी म्हटलं, "बापू, खोकं इथंच राहील. आणि तुम्ही रविवारी आला नाहीत तर हे टेबल कोणालाच मिळणार नाही. मी त्यावर घागरे कापीन."

बापू यायचे मग. माझ्या शब्दाखातर यायचे. खुर्ची भिंतीला लावून बसायचे, हात मांडीखाली दाबून. खेळ बघायचे, चहा घ्यायचे नाहीत, कारण कप वाजतो. असा माणूस समोर बसलेला असला की जिंकून तरी काय मजा? हितेशसुद्धा भांडेना. तो महिना दुकानात फार जड गेला.

*

त्यानंतरच्या रविवारी निलेश नवी जहाजं छापून घेऊन आला. मालिकेत एक फार जुनी जमात आहे म्हणे, तिची जहाजं जिवंत असतात. कारखान्यात बनत नाहीत, वाढतात. त्यांना खिडकी नाही, पत्रा नाही, सगळी कातडी. आणि कातडीवर शिरा, वेड्यावाकड्या, माशाच्या पोटावर असतात तशा.

मी विचारलं, "ही कशाला आणलीस? तुझी बाजू तर माणसांची आहे."

"फाईल चुकली काकू. छापल्यावर कळलं."

हितेश रंगवायला बसला. हितेशचा हात म्हणजे काय, खसखशीएवढ्या हिऱ्याला पैलू पाडणारा हात. त्यानं भिंग लावलं, श्वास धरला, आणि शिरा काढल्या. सरळ, सारख्या, एकीला दुसरी समांतर. सुकल्यावर सगळ्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, "बॉर्डर छान आलीय. पदराला काय टाकणार?"

त्यानं पुसून परत काढल्या. परत बॉर्डर. मुद्दाम वाकड्या काढायला गेला तर वाकडेपणासुद्धा मोजून मापून आला. भिंतीकडून एक आवाज आला. बापू हसत होते. महिन्यातलं पहिलं हसू.

"आण इकडं," बापू म्हणाले.

हात मांडीखालून निघाला. ब्रश धरला, रंगात बुडवला, थरथरत जहाजावर टेकवला. रेघ निघाली. थांबली, फुटली, जरा पुढं जाऊन दोन झाल्या, पोटाकडं वळल्या. बापूंनी जहाज फिरवलं आणि दुसरी काढली. मी मशीनवरून उठून आले. टेबलावर ते जहाज ठेवलं तेव्हा मला खरंच वाटलं, हे आता श्वास घेईल.

बापू बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. मग आपल्या हाताकडं.

हितेशनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. एक कोरं जहाज घेतलं.

"बापू, हे शिकवा ना."

"यात काय शिकवायचं?"

"नाही, शिकवा. मला येत नाही."

बापूंनी त्याच्याकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग त्यांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि वरून आपला हात ठेवला. "मनगट सोड. आणखी सोड. अरे, हिरा नाही तो."

दोन्ही हात मिळून जहाजावर गेले आणि थरथरायला लागले. हितेश जीभ दातात धरून त्यांच्या मागं मागं जायचा प्रयत्न करत होता. अर्धं जहाज झालं असेल.

"बापू, जरा हळू हलवा ना. मी मागं पडतोय."

"हळू नाही करता येत रे," बापू म्हणाले. "तूच जरा जोरात ये."